शेंदराखालची वेल

आमच्या गावात तलवारी दोन आहेत आणि समजूतदार माणसं त्याहून कमी. हे मी माहेरच्या रागानं लिहीत नाही. लोहा तालुक्यातल्या त्या गावात मी जन्मले, वाढले, आणि अजूनही दर दसऱ्याला लातूरहून तिथं जाते, दोन दिवस पोटभर भांडते आणि ताजीतवानी होऊन परत येते.

गाव एकाच भावकीचं. थोरली पाती, म्हणजे थोरली शाखा, आमची, धाकटी दादांच्या चुलतभावाची. दादा म्हणजे माझे वडील, आणि हे चुलतभाऊ म्हणजे माझे काका. लहानपणी दोघं एका ताटात जेवायचे, आता एका झाडाखाली बसत नाहीत. कारण शिलंगण. दसऱ्याला दुपार कलली की सारं गाव वाजतगाजत शिवेपर्यंत जातं, आपट्याची पूजा होते, शीव ओलांडून लोक परत येतात. या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं तलवार चालते, आणि ती आमच्या देवघरातली. मी जन्मायच्या आधीपासून ती दादांच्या हातात. दादा ना सरपंच झाले, ना चेअरमन. वर्षातली एक दुपार ते गावाच्या पुढं चालतात आणि त्या दुपारीवर बाकीचं वर्ष काढतात.

आमचीच तलवार पुढं का, तर तिच्या पात्यावर मुठीखाली सोन्याची वेल आहे. निजामाच्याही आधीची आहे असं म्हणतात. कोण म्हणतात, तर आम्हीच. सोन्याची तलवार पुढं आणि बिनसोन्याची मागं, हा गावचा रिवाज. शिवाय त्या सोन्यात राखण आहे अशी श्रद्धा. तान्ह्या लेकरांना त्या पात्याखालून नेतात. परगावी निघालेला माणूस त्याला हात लावून निघतो. शाळेच्या परीक्षेला जाताना मीही लावलेला आहे आणि गणितात नापास झालेली आहे, पण ते सोडा.

वेल मात्र मी नीट अशी कधी पाहिली नाही. लहानपणी शेंदरातून तिचं एक पान डोकवायचं, ज्वारीच्या दाण्याएवढं. मी कॉलेजात गेले त्या सुमारास तेही बुजलं. खंडेनवमीला दादा शस्त्रपूजा करायचे तेव्हा तेलात कालवलेला शेंदूर असा थापायचे की पात्यानं बाळसं धरलं. आसपासच्या गावांत एवढा शेंदूर मारुतीलाही मिळत नसेल. किती ही भक्ती, असं म्हणत लोक दादांच्या पाया पडायचे, आणि दादा खाली बघायचे. मला वाटायचं, काय हा विनय.

मग काकांनी दुसरी तलवार काढली. माळ्यावर सापडली म्हणाले. काकांचं घर स्लॅबचं, नवं कोरं, त्याला माळाच नाही, पण हे विचारायचं कुणी. ती तलवार चकचकीत, आरशासारखी, तिच्यात बघून भांग पाडावा अशी. मागच्या दसऱ्याला काकांनी ती देवळापुढच्या पारावर आणून ठेवली आणि साऱ्या गावासमोर दादांना विचारलं की तुमच्या तलवारीवर सोनं आहे हे या हयात माणसांपैकी कुणी पाहिलंय? सगळ्यांना दिसतो तो शेंदूर. मग माझ्याकडं बोट केलं.

"तुमची पोरगी लातूरला ह्येच शिकून राहिली ना? मंग लावा म्हणावं यंत्र. सोनं निघालं तर तुम्ही पुढं. न्हाई निघालं तर आमी."

आणि मी, तोंडाला कुलूप नसलेली बाई, तिथल्या तिथं हो म्हणाले. दादांच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही. गावातल्या जाणत्यांनी माना डोलावल्या, पुढच्या खंडेनवमीला निकाल लावायचं ठरलं.

आता मी काय शिकत होते ते सांगायला पाहिजे. लातूरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. ज्या वयात बायका सुना बघायला लागतात त्या वयात मला पीएचडीची हुक्की आली. विषय घेतला उदगीर-कंधारकडच्या घराघरांतल्या, मध्ययुगातल्या लोखंडी शस्त्रांवरचं सोन्याचांदीचं काम. घरात सगळ्यांनी विचारलं, कामून? त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

लोखंडावर सोनं आपलं आपण बसत नाही. जुने कारागीर कधी लोखंडात चर कोरून त्यात सोन्याची तार ठोकून बसवायचे. कधी पात्यावर आडवे-उभे बारीक ओरखडे काढायचे, चाळणीच्या जाळीसारखे, आणि त्यावर सोन्याची तार दाबायचे. ते ओरखडे सोन्याला दातात धरल्यासारखं धरून ठेवतात. नाहीतर मग पाऱ्यात सोनं कालवायचं, लेप द्यायचा आणि तापवून पारा उडवायचा. तेव्हा यंत्रात पारा दिसला की लेप, नाही दिसला की तार, असं पुस्तकात सोपं लिहिलेलं आहे. आमच्याकडं सोपं काही नसतं. आमच्याकडं जुनं शस्त्र म्हणजे देव, आणि देवाला शेंदूर. शेंदरात शिसं, त्यात हिंगूळ मिसळला असेल तर पारा. म्हणजे हा पारा कारागिराचा की पुजाऱ्याचा, यातच माझी उमेद संपत आली होती. माझे मार्गदर्शक म्हणायचे, पृष्ठभाग स्वच्छ करून मग मोजा. त्यांनी एकदा उदगीरकडच्या कुठल्याही घरात येऊन देवाचा शेंदूर खरवडून दाखवावा, मी त्यांच्या घरी वर्षभर भाकरी थापेन.

यंत्र नांदेडच्या एका प्रयोगशाळेतलं. तिथली प्रमुख माझी एमएस्सीची मैत्रीण. ते हातात धरायचं असतं, पिस्तुलासारखं. वस्तूला टेकवून घोडा दाबला की क्ष-किरण जातात आणि पडद्यावर कुठला धातू किती ते उमटतं. माणसावर धरायचं नाही, हे मैत्रिणीनं माझ्याकडून तीनतीनदा वदवून घेतलं, कारण तिला माझा स्वभाव माहीत आहे. एसटीत शेजारच्या बाईनं माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं, आणि जागा असून ती लोह्यापर्यंत उभी राहिली.

त्या वर्षभरात दादांनी मला किती फोन केले. किरणांनी देव तापतो का, असं एकदा. तुझी साडेसाती चालू आहे, असं एकदा. गावात लाइट नसते, असं एकदा, तर मी सांगितलं की यंत्र बॅटरीवर चालतं. मग तब्येत बरी नाही म्हणाले. पळत गावी गेले तर म्हातारा बांधावर उभा राहून सालगड्याला रागावत होता. मी चिडले. म्हटलं, दादा, तुम्ही मला शिकवलं, आणि आता तुम्हीच विज्ञानाला भिता? सोनं आहे तर आहे, एकदा काकांचं तोंड बंद होऊ द्या. मायनं चहा आणून ठेवला आणि एवढंच म्हणाली, "कशाला खरवडतीस गं." मला वाटलं, शेंदराबद्दल म्हणते आहे.

खंडेनवमीला सकाळी पारावर सतरंजी टाकली. ट्रॅक्टर धुऊन हार घालून उभे, नांगर, कोयते, विळे हळदीकुंकू लावून मांडलेले, आणि मधोमध पाटावर दोन तलवारी. एक भगवी, एक चकचकीत. दादा पारावर एका कडेला बसले, धोतराचं टोक बोटाला गुंडाळत.

काकांनी आधी यंत्राचीच परीक्षा घ्यायची ठरवली. यंत्र माझं, मी थोरल्या पातीची, त्यामुळं शंका रास्त होती. त्यांनी आपट्याचं पान पुढं केलं. उद्या सारं गाव याला सोनं म्हणणार, तुझं यंत्र काय म्हणतं बघू. मी पानाला यंत्र टेकवलं. चुना आला, पोटॅश आलं, बाकी काही नाही. यंत्र परंपरेचंसुद्धा ऐकत नाही म्हटल्यावर गावाला त्याच्याबद्दल आदर वाटायला लागला. आता खरं सोनं लावून दाखव, काका म्हणाले.

मी कानातली फुलं काढली. टिकलीएवढी फुलं आहेत, मागं मळसूत्र. मी कॉलेजसाठी पहिल्यांदा लातूरला निघाले तेव्हा लोह्याच्या स्टँडवर दादांनी कागदाच्या पुडीतून काढून हातात ठेवली होती. बस सुटायची वेळ, त्यामुळं काही बोलणं झालं नाही. तेव्हापासून ती कानातच. परीक्षा, लग्न, बाळंतपणं, सगळ्याला ती होती. लग्नातले मोठे दागिने लॉकरमध्ये पडून असतात, ही कधी काढली नाहीत.

फूल पाटावर ठेवलं, घोडा दाबला. सोनं आलं. गावानं मान डोलावली. चांदी आली, हल्लीचे सोनार घालतात त्याहून बरीच जास्त. तांबं नावाला. आणि लोखंड आलं.

दागिन्यात लोखंड कुणी घालत नाही. मला वाटलं पाटाचा खिळा लागला. फूल दुसऱ्या पाटावर ठेवलं, तोच आकडा. कागदाच्या जाड घडीवर ठेवलं, तोच. दुसरं फूल लावलं, तोच. मग माझी सटकली. एका गरीब शेतकऱ्याला, पोरीसाठी हौसेनं फुलं करायला गेलेल्या बापाला, त्या सोनारानं लोखंड विकलं होतं. मी पारावर उभं राहून त्या सोनाराच्या सात पिढ्या काढल्या. दादा घाईघाईनं म्हणाले, आसू दे, म्हातारा होता, गेला बिचारा. मी म्हटलं, गेला म्हणून लोखंड माफ होत नाही. दादा परत धोतराचं टोक गुंडाळायला लागले.

इथं सगळं बिनसलं. कारण माझं ओरडणं बायकांनी ऐकलं. सोनाराची चोरी धरणारं यंत्र गावात आलंय म्हटल्यावर तलवारी गेल्या बाजूला. बघता बघता पारापुढं रांग लागली. मणी, पुतळ्या, नथी, बोरमाळा, गळ्यातलं काढून हातात धरून बायका उभ्या. मी सांगून पाहिलं की हे संशोधनाचं यंत्र आहे. एका आजीनं विचारलं, "मंग हे काय हाय?" आणि पुतळी माझ्या हातात कोंबली. एका नव्या सुनेच्या गंठणात आतून तांबं निघालं. तिच्या सासूनं माहेरचा उद्धार सुरू केला, तर सुनेनं शांतपणानं सांगितलं की हे माहेरचं नाही, तुम्ही घातलेलं आहे. त्यानंतर त्या घरातलं कुणी जेवलं नाही म्हणतात.

मग माजी सरपंच आले. त्यांना सोन्याचा दात. तो खरा का ते बघ म्हणाले आणि आ वासून उभे राहिले. मी म्हटलं, माणसावर यंत्र धरता येत नाही. त्यांनी क्षणभर विचार केला, तोंडात हात घालून वरची सगळी कवळी काढली आणि पाटावर, तलवारींच्या शेजारी, ठेवली. आता लाव म्हणाले, निदान मला तसं ऐकू आलं. लावलं. पितळ. सरपंचांनी कवळी परत बसवली आणि ज्या डॉक्टरनं तो दात बसवला त्याला निवडणुकीत मत दिल्याचा पश्चात्ताप जाहीर केला. त्यांच्यामागं एकानं देवणी बैल आणून उभा केला होता, शिंगांच्या शेंब्या तपासायला. बैल रांगेत इतका शिस्तीत उभा होता की मला त्याला नाही म्हणवेना. शेंब्याही पितळेच्या निघाल्या. बैलाला त्याचं काही वाटलं नाही.

शेवटी जाणत्यांनी काठ्या आपटल्या, आधी देवाचं काम म्हणून दम भरला, आणि काकांची तलवार पुढं आली.

पातं सरळसरळ आजकालचं पोलाद, क्रोमियम घातलेलं. तसं मी सांगितलं. मुठीखाली मात्र पिवळी नक्षी होती. तिथं यंत्र टेकवलं, तर सोनं. चक्क सोनं, आणि त्याखाली निकेल. हे म्हणजे हल्ली विजेवर चढवतात ते पाणी. मध्ययुगात निकेलचा थर देत नसत. मी काकांना म्हटलं की हे सोनं जुनं नाही, हल्ली चढवलेलं आहे. काका जराही डगमगले नाहीत.

"मंग? सोनं हाय ना? जुनं पाहिजे का नवं पाहिजे असं कुठं ठरलं व्हतं?"

जाणती माणसं विचारात पडली. खरंच, तसं ठरलं नव्हतं. बराच खल झाला. एकजण म्हणाला, सोनं म्हणजे सोनं. दुसरा म्हणाला, देव मोजत नाही. शेवटी असं ठरलं की काकांच्या तलवारीवर सोनं आहे हे मान्य. आता थोरल्या पातीच्या तलवारीवरही निघालं तर जुना मान म्हणून ती पुढं. नाही निघालं तर उद्यापासून काका पुढं, कायमचे. दादांनी हे सगळं ऐकलं आणि जागचे उठले. मला वाटलं, घरी निघाले. ते पाटाजवळ येऊन बसले आणि म्हणाले, शेंदूर मी काढतो, दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

आमची तलवार सोलावी लागली. दुसरा शब्द नाही. दादा तेलाचं बोट फिरवत होते आणि शेंदराची खपली निघत होती, एकाखाली एक, भाकरीचे पापुद्रे सुटावेत तशी. वरची भगवी, खालची तपकिरी, त्याखालची काळी. प्रत्येक खपलीपाशी ते थांबत होते. म्हातारपण, मी मनात म्हटलं. सगळ्यांत खालची खपली निघाली तेव्हा त्यांनी पातं माझ्या बाजूला वळवलं, गावाच्या नाही.

मी भिंग लावलं. वेल होती. इतकं सुंदर काम मी उदगीर-कंधारकडच्या एकाही घरात पाहिलं नव्हतं. देठ, वळण, पानं, पानांच्या शिरासुद्धा. आडव्या-उभ्या ओरखड्यांची बारीक जाळी, वेलीच्याच आकारात. आणि त्या जाळीवर काही नव्हतं. सोनं गेलेलं होतं. झिजून गेलेलं नव्हे. झिजलं की कडा गुळगुळीत होतात. इथं प्रत्येक पानाच्या कडेला टोच्याची खूण होती, कुणीतरी खालून टोच्याचं टोक घालून, घाई न करता, देठापासून शेंड्यापर्यंत तार उचकटून काढलेली होती.

उद्या दादा गावाच्या मागं चालणार होते आणि ते मी केलं होतं, माझ्या हुशारीनं, माझ्या यंत्रानं. तरी हात सवयीनं चालत राहिला. जाळीच्या फटीत कुठं कुठं पिवळा कण चमकत होता. तिथं यंत्र टेकवलं आणि घोडा दाबला.

लोखंड, अर्थातच. शिसं, शेंदराचं. पारा नाही, म्हणजे तारेचं काम. आणि सोनं, थोडंसं, पण सोनं. त्याच्याबरोबर चांदी. ती सोन्याच्या मानानं किती ते बघितलं आणि पडदा पुसून परत बघितलं. हल्लीचे सोनार घालतात त्याहून बरीच जास्त. तांबं नावाला. हा हिशेब मी त्याच सकाळी एकदा बघितलेला होता.

मी मान वर केली. सारं गाव तलवारीकडं बघत होतं. दादा तलवारीकडं बघत नव्हते. ते माझ्या कानांकडं बघत होते, उघड्या. फुलं अजून तलवारीशेजारी पाटावर पडलेली होती, सरपंचांच्या कवळीची जागा होती तिथं. मी ती उचलली आणि कानात घातली. मळसूत्र काही केल्या लागेना. दादा उठले नाहीत, पण त्यांचा हात पुढं आला होता.

काकांनी विचारलं, काय निघालं.

मी म्हटलं, "सोनं हाय. जुनं हाय. यंत्रात बघा."

त्यांनी पडदा पाहिला, दोघा जाणत्यांनी पाहिला. सोन्याची ओळ होती, कुणाला नाही म्हणता येईना. काकांनी विचारलं, किती आहे. मी म्हटलं, किती पाहिजे असं कुठं ठरलं व्हतं? गाव हसलं. काकांनासुद्धा जरा हसू आलं, आणि त्यांनी आपली तलवार धोतराच्या सोग्यानं पुसून काखेत घेतली. दादांनी तेवढ्यात वाटीभर शेंदूर मागवला होता. माझी पाठ वळायच्या आत वेल परत झाकली गेली.

घरी आल्यावर मी ओसरीवर त्यांच्यासमोर बसले. मला रागवायचं होतं. शेकडो वर्षं जुनं काम, दख्खनभर शोधलं तरी मिळायचं नाही असं, आणि या माणसानं ते टोच्यानं उचकटलं. वर तोंड करून वर्षानुवर्षं लोकांना पाया पडू दिलं. पण मी फक्त कानाला हात लावला. माय चुलीपाशी होती, तिनं आमच्याकडं पाठ फिरवली.

दादांनी अडकित्ता उचलून सुपारी कातरली. मग म्हणाले, "तू लातूरला एकटी ऱ्हाणार व्हतीस. आपल्या घरातून तिकडं कुणी गेलं नव्हतं. माझ्याच्यानं रोज येणं व्हनार नव्हतं. आन् ती राखण देवघरात बसून कुणाची राखण करून राहिली व्हती? घरात तर मी व्हतोच."

मी विचारलं, आणि लोखंड? ते म्हणाले, काढताना पात्याचा कीस सोन्याला चिकटून आला, तो सोनार धुवून घेतो म्हणाला तर मीच नको म्हटलं. धुतल्यानं राखण गेली तर? सोनार हसला, पण त्यानं तसंच वितळवलं. तो भला माणूस होता, तू उगं त्याला पारावर शिव्या घातल्यास.

मला हसू आलं आणि रडूही आलं आणि दोन्ही एकदम आल्यामुळं ठसका लागला. मायनं पाणी आणून दिलं. दसरा झाला की वेल परत घडवून घेऊ, फुलं देते, असं मी म्हटलं. दादांनी अडकित्ता खाली ठेवला आणि मला वेडी म्हणाले. प्रबंधात हे कसं लिहायचं, हा प्रश्न तेव्हापासून आहे तसाच आहे. मार्गदर्शकांना मी नमुना अपूर्ण असल्याचं कळवलं आहे.

दुसऱ्या दिवशी शिलंगण. हलगी वाजायला लागली, गाव देवळापुढं जमलं, दादा पांढरा फेटा बांधून तलवार घेऊन आले. आमच्याकडं बायका शिवेपर्यंत जात नाहीत, वेशीत ओवाळतात आणि परत फिरतात. मी ताट घेऊन उभी होते. दादांनी ताट मायच्या हातात दिलं आणि मला म्हणाले, तू चल. मी म्हटलं, कुठं? पुढं, म्हणाले.

काका लगेच आले. असा रिवाज नाही, बाई पुढं कशी, म्हणाले. दादांनी आवाज चढवला नाही.

"सोनं पुढं चालंल असं ठरलंय. काल सोनं कुणी दाखवलं? तिच्या यंत्रानं. मंग यंत्र पुढं पाहिजे. आन् यंत्र तिच्याबिगर कुणाच्या हातात देत नसतेत, इचारा तिला."

जाणत्यांनी पुन्हा खल केला. यंत्राला मान द्यावा की नाही यावर मतं पडली. सरपंच यंत्राच्या विरुद्ध होते, दातामुळं. शेवटी बायकांमधून ती पुतळीवाली आजी म्हणाली की चालू द्या रे, ऊन उतरलं, आणि तेच ठरलं. अशा रीतीनं आमच्या गावाच्या शिलंगणात सर्वांत पुढं, तलवारीच्याही पुढं, नांदेडच्या प्रयोगशाळेचं क्ष-किरण यंत्र छातीशी धरून, एक रसायनशास्त्राची प्राध्यापिका चालत होती. कुणीतरी यंत्राला हळदीकुंकू लावलं होतं, झेंडूची माळही घातली होती. मैत्रिणीला हे मी अजून सांगितलेलं नाही.

माझ्यामागं दादा, त्यांच्यामागं काका त्यांच्या चकचकीत तलवारीसह, त्यांच्यामागं गाव. सोयाबीनची रास झालेली रिकामी रानं दोन्ही बाजूंना. पुढं कुणी नाही म्हटल्यावर रस्ता केवढा मोठा दिसतो, ते मला त्या दिवशी कळलं. दादांना वर्षातून एकदा तो असा दिसत होता, आणि काल तो त्यांच्या हातून जाता जाता राहिला होता, आणि आज त्यांनी तो आपण होऊन मला दिला होता. शीव जवळ येत होती. चालता चालता माझा हात सारखा कानाकडं जात होता.

मागून दादांचा आवाज आला, अगदी हळू, हलगीच्या खालून.

"कानाला हात लावू नकोस. लोक बघून राहिलेत."